लहान सैनिकांच्या बैठका : निवड कशी करावी?





गेल्या सत्रात इतिहास मंडळाच्या खोलीवरून जाताना बऱ्याच पालकांनी आम्हांला विचारले, "आत दोन टेबले जोडून मुले काय करत असतात?" उत्तर असे की मुले १८०३ सालची असईची लढाई मांडत होती. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून धातूच्या छोट्या सैनिकांची पाकिटे शाळेला भेट दिली. सैनिक जेमतेम १५ मिलिमीटर उंचीचे, म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान. ते रंगवायला मुलांना दोन महिने लागले. पण खरा पेच त्यानंतर पडला. हे सैनिक उभे कशावर करायचे? या एका प्रश्नावर मुलांमध्ये दोन गट पडले, आमच्याकडून एक चूक झाली, आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही त्याची चर्चा झाली. म्हणून या अंकात तोच विषय घेतला आहे. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले; एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्यावे.

मूर्तीखालच्या पाटाला आपण बैठक म्हणतो. या खेळाचे लोक सैनिकाखालच्या पट्टीला बेस म्हणतात. आपण बैठक हाच शब्द वापरू.

आधी बैठक, मग सैनिक

टेबलावर सैन्ये मांडून, पट्टीने अंतर मोजून आणि फासे टाकून लढाई खेळण्याचा हा छंद युरोपात वाढला. त्याचे मूळ प्रशियात आहे. तेथील राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली असा खेळ राजाला दाखवला. त्यांच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, त्याचे सुधारलेले नियम १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. त्यात सैनिकांच्या बाहुल्या नव्हत्याच. १ : ८००० प्रमाणाचा नकाशा आणि त्यावर सरकवायचे छोटे ठोकळे, एवढेच साहित्य. खरी पलटण जमिनीवर जेवढी जागा व्यापते, तेवढीच जागा ठोकळ्याने त्या प्रमाणात नकाशावर व्यापायची.

बाहुल्या पुढे आल्या. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मुलांच्या खेळण्यातल्या सैनिकांनी खेळायचे नियम दिले. तेथे प्रत्येक सैनिक आपल्या स्वतःच्या छोट्या बैठकीवर सुटा उभा असे. आजच्या खेळात या दोन्ही परंपरा आहेत. म्हणून पहिला प्रश्न असा येतो की सैनिक सुटा ठेवावा की चौघांना एका पट्टीवर बसवावे.

सुटा की एकत्र?

सुट्या बैठकीचे फायदे मुलांना लगेच पटतात. सैनिक पडला की उचलून बाजूला ठेवता येतो. दहा-वीस जणांची चकमक असेल, कोणी भिंतीआड लपणार असेल, कोणी जिना चढणार असेल, तर सुटी बैठकच हवी.

पण दोनशे सैनिक असतील तर एकेकाला सरकवण्यात तास निघून जातो. शिवाय प्रत्येक वेळी हाताची बोटे सैनिकाला लागतात आणि रंग उडतो. एकत्र बैठकीवर चार सैनिक एका हालचालीत सरकतात, आणि हात सैनिकाला न लावता पट्टीच्या कडेला लावता येतो. मोठ्या लढाईत एकेक माणूस कोठे आहे याला महत्त्व नसते. पलटण कोठे आहे, तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, तिची रांग शाबूत आहे की मोडली, हे महत्त्वाचे. नुकसान दाखवायला बैठकीमागे लहान मणी ठेवतात किंवा पूर्ण बैठक उचलतात.

तिसरा मार्गही आहे. सैनिक सुट्या गोल किंवा चौकोनी बैठकांवर चिकटवायचे, आणि त्या बैठका बसतील असे खाचे असलेला एक ट्रे करायचा. चकमकीच्या वेळी सैनिक बाहेर, लढाईच्या वेळी ट्रेमध्ये. ज्यांचे अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला. मात्र ट्रेच्या कडेमुळे जागा जास्त लागते आणि १५ मिलिमीटरच्या सैनिकांना तो किचकट होतो. मोठ्या, २८ मिलिमीटरच्या सैनिकांना तो शोभतो.

आमच्या मुलांपैकी एक गट सुट्या सैनिकांच्या बाजूने आणि एक एकत्र बैठकीच्या बाजूने होता. निकाल लागला तो घड्याळाने. दोन्ही पद्धतींनी एक पलटण टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पाहिली. त्यानंतर वाद उरला नाही.

रुंदी खरी, खोली खोटी

आता माप. बैठकीची समोरची बाजू, म्हणजे रुंदी, ही सर्वांत महत्त्वाची. दोन सैन्ये भिडतात तेव्हा कोणाची किती माणसे कोणासमोर येतात हे रुंदीवर ठरते. म्हणून दोन्ही बाजूंची रुंदी एकाच मोजमापाची हवी. प्राचीन काळच्या लढायांसाठी १९९० साली निघालेली, फिल बार्कर यांचे नाव जोडलेली 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' ही नियमावली फार पसरली. तीत एका सैन्याच्या फक्त १२ बैठका असतात. १५ मिलिमीटरच्या सैनिकांना ४० मिलिमीटर रुंदी आणि २५ मिलिमीटरच्या सैनिकांना ६० मिलिमीटर रुंदी, हे माप त्यामुळे अनेक देशांतल्या खेळाडूंच्या हातात बसले. पुढच्या कितीतरी नियमांनी तेच माप ठेवले. आम्हीही ४० मिलिमीटर घेतले. उद्या आपली मुले दुसऱ्या शहरात खेळायला गेली तर त्यांचे सैन्य तेथे चालावे, हा विचार.

कक्षा नववीच्या मुलांनी यात गणित घातले ते सांगण्यासारखे आहे. त्या काळी रांगेत उभ्या शिपायाला खांद्याला खांदा लावून सुमारे २२ इंच जागा मिळे. पाचशे शिपाई दोन ओळींत उभे केले तर समोर अडीचशे. अडीचशे गुणिले २२ म्हणजे ५,५०० इंच, अर्थात सुमारे १४० मीटर. टेबलावर एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर धरले, तर पलटणीची रुंदी १४० मिलिमीटर झाली, म्हणजे ४० मिलिमीटरच्या साडेतीन बैठका. अर्धी बैठक करता येत नाही, म्हणून मुलांनी भरल्या पलटणीला चार आणि रोडावलेल्या पलटणीला तीन बैठका दिल्या.

मग एका मुलाने खोली मोजली. दोन ओळींची खरी खोली फार तर दोन मीटर. टेबलावर ती दोन मिलिमीटर व्हायला हवी, पण सैनिकाचे पाय मावायलाच १५ ते २० मिलिमीटर लागतात. म्हणजे रुंदी खरी ठेवता येते, खोली नेहमी खोटी असते. नकाशातही असेच होते. रस्ता खऱ्या प्रमाणात काढला तर दिसणारच नाही, म्हणून तो जाड काढतात. मुलांना आम्ही एवढेच म्हटले की खोटे कोठे आहे हे ठाऊक असले म्हणजे ते फसवत नाही.

खोली किती ठेवायची हे मग सोयीने ठरवावे. आम्ही पायदळाला २० मिलिमीटर, घोडेस्वारांना ३० आणि तोफांना ४० घेतली. संगीन पुढे रोखलेला सैनिक असेल तर त्याची संगीन बैठकीबाहेर येत नाही ना, हे चिकटवण्याआधी पाहावे. नाहीतर समोरासमोर आलेल्या दोन बैठका एकमेकींना टेकत नाहीत.

माप घाईने ठरवू नये याचे एक मोठे उदाहरण आहे. 'वॉरहॅमर' नावाच्या प्रसिद्ध कल्पित युद्धखेळात वर्षानुवर्षे माणसांच्या पायदळाला २० मिलिमीटरची चौकोनी बैठक होती. २०१५ साली त्याच्या जागी नवा खेळ आला आणि बैठका गोल झाल्या. २०२४ साली जुना खेळ नव्या रूपात परतला तेव्हा चौकोन परत आला, पण तो २५ मिलिमीटरचा. ज्यांनी शेकडो सैनिक पक्के चिकटवले होते त्यांच्यापुढे सारे उखडण्याचा प्रश्न उभा राहिला.

आमची चूक

उखडण्याची वेळ आमच्यावरही आली, पण कारण वेगळे होते.

मुलांनी पहिला आराखडा आणला तेव्हा कंपनी सरकारचे शिपाई प्रत्येक बैठकीवर चार-चार, सरळ ओळीत होते. शिंद्यांचे पायदळ मात्र बैठकीवर दोन किंवा तीन, मागेपुढे, विस्कटलेले. या खेळात असे विस्कटलेले सैनिक म्हणजे बिनकवायती जमाव, हे नजरेलाच कळते. आम्ही आराखडा पाहिला, छान म्हटले आणि सही केली. मराठे म्हणजे घोडा, भाला आणि गनिमी कावा, हेच चित्र आमच्याही डोक्यात होते. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे जागा मिळेल तेथे उभे करतात, तसेच हेही वाटले.

अकरा बैठका चिकटवून झाल्यावर कक्षा आठवीतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "आम्ही कंपूत राहतो. बाबा म्हणतात, कंपू म्हणजे पलटणींची छावणी. मग पलटण अशी विस्कटलेली कशी?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ग्वाल्हेरात राहून, लष्कर भागातल्या शाळेचे प्राचार्य असून नव्हते. लष्कर हे नावच मुळी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ येथे पडला त्यावरून आले. कंपू ही शिंद्यांच्या कवायती फौजेची ओळख. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइन्य या सरदाराकडून युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभ्या करवल्या. त्यांना बंदुका, संगिनी आणि रोजची कवायत होती, आणि सोबत उत्तम तोफखाना. द बॉइन्य गेल्यावर पेराँ आला. असईच्या रणावर दौलतरावांकडे असे सुमारे दहा हजार कवायती पायदळ आणि शंभराहून अधिक तोफा होत्या. सोबत नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज होती.

या पलटणी काय करू शकत होत्या हे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दिसले. असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्टीत लढाई झाली. केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे पाहून, तेथे उतार असणारच, असा आर्थर वेलस्लीने अंदाज बांधला आणि नदी ओलांडून तो मराठी फौजेच्या डाव्या बगलेवर आला. आता ही फौज गोंधळेल असे त्याला वाटले होते. पण पोलमन या सेनानीच्या हाताखालच्या पलटणींनी आपली सारी रांग काटकोनात वळवली. उजवे टोक केळणेला आणि डावे असई गावाला टेकवून त्या नव्या तोंडाने उभ्या राहिल्या. हजारो माणसांची रांग शत्रूसमोर वळवणे हे जमावाचे काम नाही. आणि त्या वर्षी कंपनीच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांच्या नोकरीतले बरेच इंग्रज अधिकारी सोडून गेलेले असताना हे घडले.

आम्ही सही मागे घेतली आणि मुलांसमोर तसे सांगितलेही. अकरा बैठका पातळ पात्याने सोडवाव्या लागल्या. ते काम शिक्षकांनी केले. दोन सैनिकांचे पाय घोट्यात मोडले. शिंद्यांच्या पलटणी पुन्हा उभ्या झाल्या त्या चार-चार, सरळ ओळीत, कंपनीच्या शिपायांइतक्याच ताठ.

प्रसंगावरून बैठक

त्यानंतर मुलांनी प्रत्येक बैठक प्रसंगाकडे पाहून ठरवली.

पलटणीला १६० मिलिमीटरची एक लांब पट्टी देता आली असती. करायला सोपे, दिसायला सुंदर. पण तशी पट्टी वळवायला टेबलावर जागा पुरत नाही, आणि रांगेचा स्तंभही करता येत नाही. असईचा सारा डाव वळण्याचा आहे. म्हणून ४० मिलिमीटरचे तुकडेच ठेवले.

घोडदळात कंपनीच्या ड्रगून स्वारांना बैठकीवर तीन घोडे, गुडघ्याला गुडघा. शिंद्यांच्या हलक्या स्वारांना दोन, मोकळे. येथे विस्कटलेपण बरोबर आहे, कारण ते स्वार तसेच लढत.

तोफखान्याचा निर्णय मुलांनी सर्वांत विचारपूर्वक घेतला. एरवी तोफ आणि गोलंदाज एकाच बैठकीवर चिकटवतात. पण असईला कंपनीची रांग तोफांवरून पुढे निघून गेली तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले आणि त्याच तोफा वळवून त्यांनी पाठीमागून मारा केला. पुढे गेलेल्या कंपनीच्या फौजेला त्या तोफा परत घ्यायला माघारी यावे लागले. हे दाखवायचे तर गोलंदाज तोफेपासून सुटे हवेत. म्हणून तोफेला वेगळी बैठक आणि गोलंदाजांना २० मिलिमीटरची वेगळी चौकोनी बैठक केली. पाहणारा विचारतो, "हे वेगळे का?" आणि त्या उत्तरात ते गोलंदाज येतात. त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत.

करून पाहणाऱ्यांसाठी

पुठ्ठा स्वस्त आहे, पण एका बाजूला ओला फेविकॉल लागला की वाळताना वाकतो. पुठ्ठाच वापरायचा तर खालच्या बाजूलाही फेविकॉलचा हात द्यावा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा येतो. आम्ही दोन मिलिमीटर जाडीचे एमडीएफ घेतले. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात लेसरने नेमके तुकडे कापून मिळतात. हाताने कापलेल्या तुकड्यांत एक-एक मिलिमीटरचा फरक राहतो आणि दहा बैठका ओळीत लावल्या की तो डोळ्यांत भरतो.

बैठकीखाली रबरी चुंबकाचा पत्रा चिकटवावा आणि डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा ठेवावा. डबा कलला तरी सैन्य जागेवर राहते.

पक्के चिकटवण्याआधी थोड्याशा पुटीने सैनिक तात्पुरते उभे करावेत आणि एक पूर्ण डाव खेळून पाहावा. हे आम्ही केले असते तर अकरा बैठका वाचल्या असत्या. धातूला एमडीएफवर पक्के करायला सुपरग्लू लागतो, तो मोठ्यांनीच लावावा. अशा सैनिकांच्या धातूत, विशेषतः जुन्या सैनिकांत, शिसे असू शकते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, काम करताना काही खाऊ नये आणि लहान भावंडांच्या हाती ते देऊ नयेत.

शेवटी जमीन. बैठकीवर फेविकॉल लावून चाळलेली बारीक वाळू पसरावी. वाळल्यावर गडद रंग द्यावा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने वरवर फिका रंग फिरवावा, म्हणजे खडे उठून दिसतात. दोन्ही सैन्यांची जमीन एकाच रंगाची हवी. मुलांनी काळी माती आणि पावसाळ्याअखेरचे हिरवे गवत दाखवले, कारण लढाई सप्टेंबरातली.

हरलेली लढाई का?

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत या बैठकांचा खर्च मंजूर झाला, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रेमाने विचारले, "इतकी मेहनत घेतली, तर जिंकलेली लढाई का नाही मांडली?" प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच पालकांच्या मनात असेल.

असई आपण हरलो. ९८ तोफा कंपनीच्या हाती पडल्या. पण कंपनीचेही १,५८४ लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. तरी उतारवयात आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारल्यावर त्याने असईचे नाव घेतले असे सांगतात. ज्यांच्याशी लढणे त्याला इतके जड गेले ते लोक आमच्या पहिल्या आराखड्यात जमाव म्हणून उभे होते, आणि ते आमच्याच हातून. जिंकलेली लढाई मांडली असती तर ही चूक कदाचित आमच्या लक्षातही आली नसती.

प्रदर्शनीत हे टेबल मुख्य दालनात ठेवले आहे. पालकांनी अवश्य यावे. सैनिकांना हात न लावता बैठकीच्या कडेला धरून उचलावे, आणि ती आठवीची विद्यार्थिनी तेथे असेल तर तिला तोफांची गोष्ट विचारावी. आम्हांला ती तिच्याइतकी चांगली सांगता येत नाही.

आपले स्नेहांकित,
प्राचार्य